केळीचं फाटकं पान

इनास मिस्त्रींच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघत. चहाची बशी दिली तर तिचा तळ, लग्नाची पत्रिका दिली तर तिची कोरी पाठ. ऑफिसात एखादीने नवी साडी आणली की आम्ही बायका पदरावरचे बुट्टे बघायचो. मिस्त्री दारावरून जाता जाता थांबत, "जरा बघू," म्हणून पदराचं टोक उलटं करत आणि मागच्या दोऱ्यांवरून अंगठा फिरवत. नव्याने लागलेल्या मुलीला हे विचित्र वाटे. आम्ही जुन्या तिला सांगायचो, "बघू दे गं. ते साडी बघत नाहीत, माग बघतायत."

"पुढची बाजू दाखवण्यासाठी केलेली असते, बाई," ते मला म्हणायचे. "केलंय कसं, ते मागे कळतं."

सत्तरच्या दशकात वालीवला कारखान्यांची वस्ती नुकती वाढत होती. आमचा कारखाना नवारीचा. खाटेची नवार, दप्तरांचे पट्टे, तंबूंना लावायच्या जाड पट्ट्या, असा माल. पत्र्याच्या शेडमध्ये माग दिवसभर खडखडत आणि शेजारच्या खोलीत मी टाइपरायटर खडखडवत असे. मी आगाशीची. लग्न झालेलं नव्हतं, आणि टायपिंगची परीक्षा पास झाल्याचा मला बऱ्यापैकी ताठा होता. मिस्त्री गिरीजचे. चाळिशी ओलांडलेले, उंच, काटक, खाकी पँटच्या पायाला सायकलची क्लिप आणि कानावर पेन्सिल. घरी वाडी होती, केळी, नारळ आणि थोडी भाजी. ती त्यांची बायको फिलूबाय बघायची. मिस्त्री सायकलवरून वालीवला यायचे आणि दिवसभर यंत्रांच्या पोटात डोकं घालून बसायचे.

यंत्र बंद पडलं तर ते लगेच पाना उचलत नसत. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग काढलेला एकेक स्क्रू सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यांमध्ये क्रमाने ठेवत. यंत्र परत जोडून झालं की डबे रिकामे झालेले असत. बाकीच्या फिटर लोकांकडे दोन-तीन स्क्रू नेहमी उरायचे. मिस्त्रींकडे कधी एकही उरला नाही. त्यांना परदेशी पाठवलं ते ह्याच कारणासाठी.

झालं असं, की बेल्जियममध्ये पट्ट्यांचा एक जुना कारखाना बंद होत होता आणि आमच्या शेठनी तिथलं एक मोठं यंत्र विकत घेतलं. ते तिकडे सुटं करायचं, पेट्यांत भरायचं आणि इकडे पुन्हा उभं करायचं. शेठनी आधी इंग्रजी बोलणारा एक इंजिनिअर पाठवायचं ठरवलं होतं. मग म्हणाले, "बोलायचंय कोणाशी? मशीन जोडायचीय." आणि मिस्त्रींचा पासपोर्ट काढला. त्याचे कागद मीच टाइप केले.

फिलूबायने सामानात सुके बोंबील आणि बाटलीभर मसाला दिला. तिकडे मिस्त्री एका पाववाल्याच्या घरी माडीवर राहिले. पहिल्याच रविवारी त्यांनी बोंबील भाजले, तर पाववाला धावत वर आला. त्याला वाटलं काहीतरी जळतंय. शेवटी त्याने एक तुकडा खाऊन बघितला, पाणी प्यायला, आणि त्यानंतर मिस्त्रींसाठी रोज ताजा पाव जिन्यावर ठेवू लागला. हे मिस्त्री सांगायचे तेव्हा हसायचे नाहीत. आम्ही हसायचो आणि ते आमच्याकडे बघायचे.

मागाची गोष्ट मात्र ते सावकाश सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली आहे, की त्या गावाचं नाव नीट उच्चारता येत नसलं तरी ते गाव माझ्या डोळ्यांपुढे आहे.

त्या गावाच्या टाउन हॉलमध्ये भिंतीवर एक प्रचंड चित्र टांगलेलं होतं. झाडी, त्यात हरणं, कुत्रे, पक्षी. मिस्त्री चर्चमधली रविवारची मिसा आटोपून थंडीने काकडत आत शिरले होते. त्यांना वाटलं रंगवलेलं आहे. जवळ गेले तर दोरे दिसले. आपण दिवसभर जी नवार विणतो तसेच उभे-आडवे दोरे, पण प्रत्येक पानाला चार-चार हिरवे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खाली वाकले, कोपरा धरला आणि उलटा केला.

पहारेकरी ओरडत आला. मिस्त्रींना त्याची भाषा येईना, त्याला मिस्त्रींची. त्याने त्यांचा दंड धरून बाहेर काढलं आणि नाव-पत्ता लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात निरोप आला. तिथे लिआ नावाची एक बाई होती. जुनी कामगार, मिस्त्रींसारखंच मोडकंतोडकं इंग्रजी यायचं म्हणून तिला मिस्त्रींच्या मदतीला दिलं होतं. तिने विचारलं, "तू काल काय चोरत होतास?"

"चोरत नव्हतो," मिस्त्री म्हणाले. "मागून बघत होतो."

"काय दिसलं?"

"पुढे पक्षी लाल आहे. मागे अजून लाल आहे. पुढचा रंग उजेडाने उडालाय."

लिआने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "संध्याकाळी माझ्याबरोबर चल."

तिचा काका योसेफ अशी जुनी चित्रं दुरुस्त करायचा. सत्तरीचा म्हातारा. मागच्या अंगणातल्या खोलीत त्याचा लाकडी माग होता, आडवा, पलंगाएवढा. म्हाताऱ्याचं नाव ऐकून मिस्त्रींना आनंद झाला, कारण त्यांच्या वडिलांचं नाव जुजे, म्हणजे गिरीजकडचा योसेफच. "म्हणजे एकच संत," ते म्हणायचे. म्हातारा विणत राहिला आणि मिस्त्री उभे राहून बघत राहिले. विणलेलं कापड गुंडाळणारा मागाचा रूळ ताणून धरणारा खटका दात्यावरून सारखा घसरत होता आणि म्हातारा दर वेळी त्यात लाकडाची पाचर मारत होता. मिस्त्रींनी ते चार वेळा बघितलं. पाचव्या वेळी त्यांनी खिशातून कानस काढली, खटका सुटा करून घेतला आणि दिव्याखाली बसून घासायला लागले. म्हातारा ओरडला नाही. अर्ध्या तासाने खटका बसवला तो पक्का बसला.

तिथून पुढे रोज कामावरून सुटलं की मिस्त्री म्हाताऱ्याकडे. रविवारी तर मिसेनंतर सरळ तिथेच.

"आपल्या मशीनवर आडवा दोरा नेणारा धोटा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो," ते आम्हाला चहाच्या वेळी हातवारे करून समजावत. "तिकडे तसं नाही. जिथे लाल पाहिजे तिथेच लाल दोरा, चार ताण्यांवरून, म्हणजे उभ्या दोऱ्यांवरून गेला की परत फिरला. शेजारी हिरवा, तोही तिथल्या तिथेच फिरतो. प्रत्येक रंगाची छोटी बॉबिन वेगळी. आणि विणणारा बसतो मागच्या बाजूला. चित्राचं तोंड खाली. काय विणतोय ते दिसत नाही. मध्येच आरसा खाली सरकवून बघायचं."

"दिवसाला किती होतं?" कोणीतरी विचारलं.

मिस्त्रींनी तळहात दाखवला.

"आपण तेवढ्यात गाव गुंडाळू एवढी नवार काढतो!"

"हो," मिस्त्री म्हणाले. "पण ती कोणी बघत बसत नाही."

तिकडे अशा चित्राला टॅपेस्ट्री म्हणतात. ते नाव मिस्त्रींना फार आवडलं होतं. "आपण टेप काढतो, ते टेपेस्ट्री," असं ते म्हणत आणि हा विनोद असल्याचा त्यांना थोडा अभिमान होता.

निघताना म्हाताऱ्याने त्यांना विणलेले दोरे ठोकून बसवायची एक लाकडी फणी आणि डझनभर बॉबिनी दिल्या. काय विणू, असं मिस्त्रींनी लिआकरवी विचारलं. त्यांच्या मनात संतांचं एखादं चित्र होतं. म्हाताऱ्याने विचारलं, "घरी दारातून बाहेर बघितलं की काय दिसतं?"

"केळी."

"मग झालं."

यंत्राच्या पेट्या जहाजाने यायला बरेच महिने लागले. तोवर मिस्त्रींनी गिरीजच्या घराच्या पडवीत माग उभा केला. लाकूड वाडीतल्या पडलेल्या फणसाचं, दातेचक्र आमच्या भंगारातलं, शेठना विचारून घेतलेलं. तीन हात रुंद माग. पडवी त्याने अर्धी व्यापली. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा फिलूबाय भाजीच्या जुड्या बांधत बसली होती. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची, बोलण्यात धारदार. घरात दोघं आपल्या बोलीत बोलत. त्यातलं मला निम्मं कळे. माझ्याशी मात्र ती सरळ मराठीत बोलायची.

"बघ गो," ती म्हणाली, "आमचा माणूस विलायतेला जाऊन आला. लोक घड्याळ आणतात, रेडिओ आणतात. ह्यांनी फणी आणली. आणि माझा आरसा त्याच्याखाली गेला. आता मी केस कशात बघून विंचरू?"

केस ती न बघताच विंचरत असावी, कारण पुढे कित्येक वर्षं तो आरसा मागाखालीच होता.

चित्रासाठी मिस्त्रींनी वाडीतलं केळीचं पान कापून आणलं, पॅकिंगच्या कागदावर ठेवलं आणि पेन्सिलने कडेकडेने फिरवलं. पान वाऱ्याने फाटलेलं होतं. ठिकठिकाणी शिरेपर्यंत चिरा गेलेल्या. कागदावर चिराही आल्या.

"चांगलं पान नव्हतं का वाडीत?" फिलूबायने विचारलं.

"आपल्या वाडीत अख्खं पान राहतं? वारा ठेवतो?"

खरं कारण वेगळं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. ह्या विणकामात दोन दोरे शेजारी येऊन आपापले परत फिरले की मध्ये आपोआप एक उभी फट राहते. तिकडचे लोक ती सुईने शिवून टाकतात. मिस्त्रींच्या डोक्यात आलं, की पान आडवं घेतलं तर त्याच्या चिरा बरोबर ताण्याच्या दिशेने येतील. मग फट शिवायचीच कशाला? फटच चीर होईल. पान खरोखरच फाटलेलं होईल. हे म्हाताऱ्याला कळवायला त्यांनी माझ्याकडून पत्र टाइप करून घेतलं. ते माझं पहिलं पत्र. मिस्त्री मराठीत सांगत, मी इंग्रजीत टाइप करी, तिकडे लिआ ते काकाला वाचून दाखवी आणि तिचं उत्तर माझ्या टेबलावर येई. तिचं अक्षर फार वेडंवाकडं होतं. एका पानावर जेमतेम आठ ओळी. पहिल्या उत्तरात होतं, की काका ऐकून उठून उभा राहिला आणि खोलीत फिरायला लागला.

लोकर कुठून आणायची हा प्रश्न होता. आमच्याकडे थंडी ती काय, चार दिवसांची. पण नंदाखालचा फिलूबायचा भाऊ जहाजावर होता आणि जहाजावरच्या माणसांकडे लोकरीच्या जर्सी असतात. जुने स्वेटर द्या, असं मिस्त्रींनी सगळ्यांना सांगितलं. पांढरे, पिवळे, विटके स्वेटर जमले. फिलूबाय ते उसवायची, मिस्त्री लडी करून कारखान्यात आणायचे आणि नवार रंगवून झाली की उरलेल्या हिरव्या पाण्यात त्या बुडवायचे. पहिल्यांदा बुडवल्या त्या गडद निघत, मग फिकट, मग अजून फिकट. अशा अकरा हिरव्या छटा झाल्या. माझा एक तपकिरी स्वेटर होता, तो न रंगवता पानाच्या वाळलेल्या कडेला गेला.

ह्याच सुमारास यंत्र आलं. मिस्त्रींनी ते महिन्याभरात उभं केलं, सार्डिनचे डबे रिकामे केले आणि पट्टे धडाधड निघायला लागले. यंत्राच्या पुढे, जिथे फण्या वरखाली आपटतात, तिथे जाळीचं एक झाकण होतं. दोरा तुटला की झाकण उघडून सांधायला लागे आणि झाकण उघडलं की यंत्र आपोआप थांबे. शेठना ते खटकायला लागलं.

"मिस्त्री, ते झाकण काढा. फुकटचा वेळ जातो."

"झाकणासकट आलीय, शेठ. झाकणासकट चालेल."

शेठनी दुसऱ्या फिटरकडून यंत्र थांबवणारा खटका बांधून झाकण काढून घेतलं. मिस्त्रींनी मोठ्या चाकाची चावी, म्हणजे चाक दांड्यावर घट्ट धरणारा लोखंडाचा तुकडा, काढून खिशात घातली आणि यंत्रासमोर स्टूल टाकून बसले. आवाज नाही, भांडण नाही. दुसऱ्या यंत्राचं काम निघालं की जात, ते करत आणि परत स्टुलावर येऊन बसत. डबाही तिथेच खात. असे तीन दिवस. मला भीती वाटत होती, की आज त्यांना काढून टाकणार.

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः शेडमध्ये आले. "तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

मिस्त्रींनी मला हाक मारली. "बाई, लिआचं पत्र आणा जरा."

मी आणलं. शेठनी ते हातात घेतलं. "हे काय, लहान मुलाने लिहिलंय?"

"नाही, शेठ. ह्या मशीनवर बारा वर्षं काम केलेल्या बाईने लिहिलंय. उजव्या हाताची दोन बोटं ह्या मशीनमध्ये गेली तिची. झाकण त्याच्यानंतर बसवलं."

माग चालवणाऱ्या आमच्या बायका आजूबाजूला उभ्या होत्या. शेठनी एकदा पत्राकडे, एकदा त्यांच्या हातांकडे बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. पत्र मला परत दिलं आणि म्हणाले, "लावा झाकण." मिस्त्रींनी खिशातून चावी काढली. ती तीन दिवस खिशात राहून कोमट झाली होती. मी हात लावून बघितला होता.

पान मात्र हळूहळू वाढत होतं. रोज कामावर जाण्याआधी तासभर आणि रविवारी दुपारी. वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. गावात आता कोणी चेष्टाही करत नव्हतं. मग लिआचं एक पत्र आलं. काकाचा एक डोळा गेला होता आणि दुसराही डॉक्टर वाचवू शकतील असं दिसत नव्हतं. तो दर आठवड्याला विचारतो, पान कुठवर आलं?

मी वाचून दाखवलं. मिस्त्री खिडकीतून बाहेर बघत होते. "अर्ध्यावर आलंय म्हणून लिहा," ते म्हणाले. मग म्हणाले, "नको. होतंय म्हणून लिहा."

नेमकं तेव्हाच कारखान्यात तंबूच्या पट्ट्यांचं मोठं काम आलं होतं. रविवारीसुद्धा मिस्त्रींना बोलावत. मी म्हटलं, रजा घ्या. ते म्हणाले, "कामाची घाई आहे. मी नसताना कोणी झाकण काढलं तर?" ते वाळायला लागले. सकाळी अजून लवकर उठून विणायचे आणि दिवसा यंत्राजवळ बसल्या बसल्या पेंगायचे. त्यांना पेंगताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

एका शनिवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा काहीतरी वेगळाच.

"बाई, मागाला कोणीतरी हात लावतंय."

"म्हणजे? बिघडवलं?"

"नाही. विणलंय. बोटभर. पहिल्यांदा मला वाटलं मीच झोपेत जास्त विणलं. पण दोऱ्याच्या टोकाला गाठ आहे. मी गाठ मारत नाही, योसेफने टोक मोकळं सोडायला शिकवलंय. ही गाठ भाजीच्या जुडीला मारतात ती आहे."

मी हसले. "मग विचारा ना घरी."

"काय विचारू? चांगलं विणलंय."

आणि त्यांनी खरंच विचारलं नाही. फिलूबायही बोलली नाही. सकाळी मिस्त्री विणायचे, ते सायकलवर बसून गेले, वाडीतलं काम उरकलं, की दुपारी फिलूबाय बसायची. तीन वर्षं जुड्या बांधता बांधता ती सगळं बघत आली होती. पुढे तिने मला सांगितलं, "एक दिवस मी मागावर बसले तर माझ्या बाजूला बॉबिनी भरून ठेवलेल्या. मला पाहिजे होते तेच हिरवे. तेव्हा मला कळलं, ह्यांना कळलंय." तेवढंच. दोघांनी जवळजवळ वर्षभर एकच पान विणलं, आणि त्याबद्दल घरात एक शब्द निघाला नाही.

एका रविवारी मिसेनंतर ते कापून उतरवायचं ठरलं. मी आगाशीहून गेले. पडवीत शेजारपाजारची दहा-बारा माणसं होती. मिस्त्रींनी एकेक ताणा कात्रीने कापला आणि फिलूबायने खालून कापड झेललं. मग दोघांनी दोन टोकं धरून ते उलटवलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांनी समोरची बाजू अख्खी बघितली.

दाराबाहेर केळी होत्या आणि आत हे पान. मधली शीर पिवळसर, तिच्यापासून दोन्ही बाजूंना हिरवे पट्टे, काही गडद, काही ऊन लागल्यासारखे. दोघांनी ते उंच धरलं तेव्हा चिरा उघडल्या आणि त्यातून मागचा उजेड आला. माझा तपकिरी स्वेटर कडेला वाळून बसला होता. मग शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "चार वर्षं घालवली, आणि पान फाटकं?"

मिस्त्री उत्तर देणार तोच फिलूबाय म्हणाली, "वाडीत अख्खं पान बघितलंस कधी? वारा ठेवतो?"

आठवड्याभरातच पान गिरीजहून गेलं. फिलूबायच्या भावाचं जहाज बेल्जियमच्या बंदराला लागणार होतं. त्याने ते आपल्या कपड्यांत गुंडाळून नेलं. लिआ बंदरावर येऊन घेऊन जाणार होती. मग आम्ही वाट बघत बसलो. टपालवाला आला की मिस्त्री काहीतरी कारण काढून ऑफिसात यायचे, टाइपरायटरला तेल घालायचे. त्या दिवसांत माझा टाइपरायटर इतका हलका चालायचा, की नुसत्या स्पर्शाने अक्षर उमटे.

उत्तर तीन महिन्यांनी आलं. नेहमीपेक्षा लांब, दोन पानं भरून. मी ते मोठ्याने वाचत मराठीत सांगत गेले.

"काकाला आता काही दिसत नाही," लिआने लिहिलं होतं. "पान पोचलं त्याच्या काही आठवडे आधी दुसरा डोळाही गेला. मी ते टेबलावर पसरलं आणि त्याचे हात त्यावर ठेवले. त्याने शीर चाचपली, मग चिरांमध्ये बोटं घातली आणि हसला. मग म्हणाला, उलटं कर. मागच्या दोऱ्यांवरून तो कितीतरी वेळ हात फिरवत होता. एका जागी थांबला. तिथून मागे गेला, परत पुढे आला. मग मला म्हणाला, इथपर्यंत इनास आहे. इथून दुसरं कोणीतरी आहे. त्याला विचार, हे कोण? ह्याचा हात इनासपेक्षा पक्का आहे."

मी वाचायची थांबले. मिस्त्रींच्या हातात तेलाची बुधली होती.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं. मग बुधली माझ्या टेबलावर ठेवली, शेठकडे गेले आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. त्या कारखान्यात त्यांनी मागितलेली ती पहिली सुट्टी असावी. भर दुपारी ते सायकल घेऊन गिरीजला निघाले.

पुढचं मला फिलूबायने सांगितलं. ती भाजीच्या वाफ्यात होती. मिस्त्री बांधावर उभे राहिले, घाम पुसला आणि पत्रातलं सगळं सांगितलं, ह्याचा हात पक्का आहे इथपर्यंत. ती वाकून पालक खुडत होती, ती उठली.

"एवढी वर्षं एका घरात आहोत," ती म्हणाली. "हे मला सांगायला त्या आंधळ्या म्हाताऱ्याची गरज पडली?"

मिस्त्री म्हणाले, "मी बॉबिनी भरत होतो ना."

"मग मला रडायलाच आलं," फिलूबाय मला म्हणाली. "रागाने आलं की कशाने, ते मलाच कळेना. ह्यांनी खाली वाकून उरलेला पालक खुडला. वेडावाकडा. मुळासकट."

पुढच्या हिवाळ्यात योसेफ गेला. लिआने कळवलं, की शेवटपर्यंत पान त्याच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर होतं, हात पोचेल अशा उंचीवर. मिस्त्रींनी गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्याच्या नावाने मिसा सांगितली. पाद्री नाव लिहून घेताना थबकला, म्हणाला, आडनाव? मिस्त्रींना ते माहीत नव्हतं. म्हणाले, "योसेफ, विणलेली चित्रं दुरुस्त करणारा." तसंच वाचलं गेलं.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला जायला निघाले. निरोप घ्यायला गिरीजला गेले. पडवीतल्या मागावर नवं काम चढलं होतं आणि त्यावर फिलूबाय बसली होती. तिच्या मनातलं चित्र विहिरीचं होतं, वरून वाकून बघितल्यावर दिसते तशी, आत आभाळ असलेली. निळा कोणता घ्यावा ह्यावरून दोघांचं चाललं होतं.

"मला आता फक्त बॉबिनी भरायला ठेवलंय," मिस्त्री म्हणाले.

"आणि ते तरी कुठे धड भरतात," फिलूबाय म्हणाली.

चहा झाला. तिने मला केळीचा एक फणा दिला, एक नारळ दिला, कपाळावर क्रूस काढला आणि लगेच परत कामाला लागली, कारण रंगवलेली लडी वाळून तयार होती आणि तिचा गोळा करायचा होता. मी वाडीतून चालत फाटकाशी पोचले आणि मागे वळून बघितलं. मिस्त्री पडवीच्या पायरीवर दोन्ही हात पुढे करून बसले होते. हातांवर निळ्या लोकरीची लडी ताणलेली. समोर फिलूबाय भराभर गोळा गुंडाळत होती, आणि दोरा ज्या बाजूने सुटेल तसे मिस्त्री मनगटं एकदा इकडे, एकदा तिकडे झुकवत होते. मी हात हलवला. त्यांना हात हलवता येईना. त्यांनी मान वर केली आणि तिथूनच मोठ्याने सांगितलं,

"फाटक ओढून घ्या, बाई. बकऱ्या शिरतात."